उत्तर द्यावंच लागतं

आमच्या विधानसभेत पहिलं काम डिंकाचं असतं. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी सकाळी नऊला सातारा-सांगलीच्या कॉलेजांतली अकरावी-बारावीची साठ-सत्तर मुलं माधवनगरला, एका बंद गिरणीच्या आवारातल्या सभागृहात जमतात. आमदार होण्याआधी प्रत्येकाला एक लिफाफा, एक कोरा कागद आणि तिकीट मिळतं. डिंकाची बाटली चौघांत एक. उद्घाटनाला आलेले पाहुणे हे पाहून गोंधळतात. "मॅडम, पोरं भाषणं करायला आलीत ना? मग हे टपाल कशाला?" मी म्हणते, "आमची पद्धत आहे." पाहुण्यांचं तेवढ्यावर भागतं, कारण त्यांना हारतुरे घेऊन पुढच्या कार्यक्रमाला जायचं असतं.

ही पद्धत तीन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हती. ती कशी आली, हे मी कुठे सांगितलेलं नाही. त्यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. दिवाळी अंकासाठी "तुमच्या कामाचे अनुभव लिहा" असं सांगणं आलं, तेव्हा दोन-चार गमती लिहून मोकळं व्हावं असं वाटलं होतं. गमतीही लिहिते. पण मग उरलेलंही लिहायला हवं.

आधी काम काय ते सांगते. मी सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. हा विषय घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना दुसरीकडे प्रवेश मिळालेला नसतो, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. वर्षातून एकदा, श्रावणाच्या सुमारास, आम्ही काही कॉलेजं मिळून दोन दिवसांची अभिरूप विधानसभा भरवतो. अभिरूप म्हणजे खऱ्यासारखी. मुलं तिला सरळ 'खोटी विधानसभा' म्हणतात. सत्ताधारी बाक, विरोधी बाक, मधे उंच खुर्चीवर अध्यक्ष, प्रश्नोत्तराचा तास, एखादं विधेयक, त्यावर मतदान. आधी येऊन गेलेली मुलं मंत्री होतात. पहिल्यांदा येणारी मुलं माझ्या वाट्याला. त्यांना पहिल्या दिवशी सकाळी तीन तासांत सभागृह शिकवायचं, हे माझं काम. गेली वीसेक वर्षं मी ते करते आहे आणि बरं करते, असं मला वाटायचं.

माझ्या जोडीला शिंदे फौजी. हे साताऱ्याकडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, सभागृहाची देखभाल बघतात आणि अधिवेशनाच्या दोन दिवसांत मार्शलांना तालीम देतात. नव्या मुलांना ते 'रंगरूट' म्हणतात. अध्यक्ष आत आले की सगळ्यांनी उभं राहायचं, एवढंच मी शिकवते. फौजी त्यांना टाचा जुळवायला लावतात. मी एकदा म्हटलं, "शिंदे, ही परेड नाही." ते म्हणाले, "मॅडम, उभं ऱ्हायचंच हाय ना? मग नीट उभं ऱ्हाऊ द्या की."

बाकीच्यांत कोण सत्तेत आणि कोण विरोधात, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. एका वर्षी म्हसवडकडच्या एका मुलाला विरोधी बाकाची चिठ्ठी आली आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, पोटात दुखतंय. तो म्हणाला, "मॅडम, बदलून द्या. आमचं घर कायम सत्तेतच असतंय. आजोबांना कळलं तर जेवायचं न्हाईत." मी बदलून दिली नाही. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा सरकारवर असा तुटून पडला की अध्यक्षांना दोनदा घंटा वाजवावी लागली. जाताना म्हणाला, "हिकडंच बरं असतंय की ओ. काय करावं लागत न्हाई, नुस्तं बोलायचं."

सभात्याग शिकवल्याचा मला एकदाच पश्चात्ताप झाला. विरोधी पक्षाने सभात्याग केला, आणि परत कधी यायचं ते मी सांगितलं नव्हतं म्हणून आख्खा पक्ष नाक्यावर वडापाव खायला गेला. फौजींनी त्यांना रांगेत परत आणलं. तोवर विधेयक बिनविरोध मंजूर झालं होतं.

पण सगळ्यात अवघड जातो तो पहिला नियम. समोरच्याशी थेट बोलायचं नाही, जे काही बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून बोलायचं. मुलांना तो मूर्खपणा वाटतो. त्यांना मी दोन भाऊबंदांची गोष्ट सांगते. एका वर्षी एकाच गावातले, एकाच भावकीतले दोघं आले होते. बांधावरून दोन घरांचं बिनसलेलं, त्यामुळे दोघं एका वर्गात असूनही दोन वर्षं बोलत नव्हते. चिठ्ठीत एक इकडे, एक तिकडे. चर्चा पाणीवाटपाची. एक उठला आणि म्हणाला, "अध्यक्ष महाराज, सन्माननीय सदस्यांना विचारा, त्यांच्या आजारी आजीला बघायला आमची आई आली तवा दार का उघडलं न्हाई?" दुसरा उठला. "अध्यक्ष महाराज, त्यांना सांगा, दार मी उघडणार होतो. चुलत्यानं हात धरला." अध्यक्ष म्हणजे सांगलीची एक चष्मेवाली मुलगी होती. तिला काय करावं कळेना. शेवटी ती म्हणाली, "हा विषय पाणीवाटपाचा नाही, पण नोंद घ्यावी." ते दोघं दुपारी एका पंगतीला बसले. मधे अध्यक्ष असला की माणसं बोलू शकतात, हे मी त्या दिवशी शिकले आणि पुढे शिकवत राहिले.

आता तारांकित प्रश्नाकडे येते, कारण सगळं त्याच्यापाशीच अडलेलं आहे.

विधानसभेत सदस्याला मंत्र्याला प्रश्न विचारता येतो. ज्या प्रश्नावर तारा असतो, म्हणजे चांदणीसारखी खूण, त्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात उभं राहून तोंडी द्यायचं असतं, आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतो. या प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. 'पुढील प्रश्नाचे उत्तर मंत्रिमहोदय देतील काय' अशी सुरुवात. मग एक, अमुक अमुक हे खरे आहे काय? दोन, असल्यास कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? तीन, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? मी हा साचा मुलांकडून पाठ करून घ्यायचे. आणि शेवटी फळ्यावर हात आपटून सांगायचे, "तारांकित प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. मंत्री असो नाहीतर मुख्यमंत्री." हे वाक्य मुलांना फार आवडतं. घरी, वर्गात, गावात त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला कुणीच बांधील नसतं. मला ते वाक्य आवडायचं ते मुलांचे चेहरे बघून.

नवखी मुलं पहिला प्रश्न लिहितात तो 'देशातील बेरोजगारी' नाहीतर 'वाढता भ्रष्टाचार' यावर. मी लाल पेनने फुली मारते. "तुझ्या दारातलं लिही. जे तुला रोज सकाळी अडतं ते." मग गटार येतं, बंद पडलेली पाण्याची टाकी येते, शाळेमागचं झुडूप येतं. एका मुलीने लिहिलं होतं, 'आमच्या गावची सरपंच माझी आई आहे, पण बैठकीला वडील जातात, हे खरे आहे काय?' तो प्रश्न मी स्वतः वाचून दाखवला होता.

ऋतुजाच्या कागदावर मला लाल पेन उघडावाच लागला नाही.

ही कोयनेच्या खोऱ्यातली, पाटणच्याही वर, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावची मुलगी. गावाचं नाव लिहीत नाही. अकरावीत होती. तालुक्याच्या कॉलेजातून चार मुलं आली होती, त्यातली ही एक, दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली. तिने लिहिलेला प्रश्न असा होता : गावाहून सकाळी सव्वासहाला सुटणारी एसटी जून महिन्यापासून बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ती दिवाळीपूर्वी सुरू करण्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?

"दिवाळीपूर्वीच का?" मी विचारलं.

"पप्पा म्हनले, दिवाळीपतूर बगतो. बस आली तर कॉलेज, न्हाई आली तर घरी ऱ्हा."

"मग आत्ता कशी येतेस?"

"वडापनं." वडाप म्हणजे आमच्याकडची जीप. आठ माणसांच्या जागेत अठरा बसतात आणि दोघं मागे लोंबकळतात. "लय गर्दी असती, मॅडम. पुरुष मानसं असत्यात. पप्पांनी एकदा बगितलं मला तसं, तवापास्नं म्हनत्यात, न्हाई म्हंजे न्हाई. आमी पाच जनी जायचो खाली. आता मी एकलीच उरलीया." मग तिने कागदाकडे बोट दाखवलं. "हे पप्पांचं पन लिवू का ह्यात?"

"नको. ते घरचं झालं. प्रश्नात सार्वजनिक तेवढंच."

मी हे शिस्तीने म्हटलं. नियम तसाच आहे. प्रश्न तीस शब्दांत बसला, नेटका दिसला, मी तो यादीत पहिल्या पानावर घेतला.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास. परिवहनमंत्री होता अथर्व, सांगली शहरातला, दुसऱ्यांदा आलेला, आवाज खणखणीत. आदल्या संध्याकाळी बसून त्याने उत्तर तयार केलं होतं. "अध्यक्ष महाराज, सदर बाब अंशतः खरी आहे. चालकांची संख्या, रस्त्याची स्थिती आणि प्रवासीसंख्या यांचा आढावा घेण्यात येत असून शासन या बाबतीत सकारात्मक आहे." बाकं वाजली. मी मागे उभी होते. मीही मनात बाक वाजवलं. सतरा वर्षांच्या मुलाला 'अंशतः खरी आहे' हे सुचणं सोपं नाही.

ऋतुजा उपप्रश्नाला उठली. टाचा जुळवलेल्या, फौजींच्या तालमीप्रमाणे. "अध्यक्ष महाराज, सकारात्मक म्हंजे कवा?"

सभागृह हसलं. अथर्वही हसला. तो म्हणाला, "अध्यक्ष महाराज, लवकरात लवकर."

"लवकर म्हंजे दिवाळीच्या आदी का मागनं?"

अध्यक्षांनी घंटा वाजवली. तास संपला होता. तास संपला की वाक्य अर्धं असलं तरी घंटा वाजवायची, हे मीच अध्यक्षांना तीनदा बजावलेलं होतं. 'उत्कृष्ट मंत्री' हे प्रशस्तिपत्र त्या वर्षी अथर्वला दिलं. तो निर्णयही माझाच.

जेवणाच्या रांगेत ती माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी तेव्हा पोळ्या कमी पडतायत म्हणून आचाऱ्याशी वाद घालत होते.

"मॅडम, ह्ये खरं कुटं द्याचं?"

"काय खरं?"

"प्रश्न. खऱ्या सायबांस्नी. कसा लिवायचा नि कुटं द्याचा?"

हे दोन मिनिटांचं काम होतं. एक अर्ज, कॉलेजचं पत्र, ग्रामपंचायतीचा ठराव, मुलामुलींची नावं. मला ते तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, "आधी जेवून घे. दुपारी विधेयक आहे, ते झालं की बघू."

विधेयक लांबलं. पाटणकडची गाडी लवकर निघाली. मी त्या दिवशी पाचला घरी पोचले, पाय पसरून चहा घेतला आणि अधिवेशन छान झालं असं नवऱ्याला सांगितलं. ते 'बघू' मला आठवलंसुद्धा नाही.

पुढल्या वर्षी त्याच कॉलेजचे सर नवी चार मुलं घेऊन आले. आधी आलेल्या मुलांना आम्ही मंत्री करतो, म्हणून मी यादी काढली आणि विचारलं, "ऋतुजा कुठे आहे? तिला या वर्षी परिवहन द्यायचं म्हणत होते."

सर म्हणाले, "ती नाही मॅडम. दिवाळीनंतर आलीच नाही. नाव कमी केलं."

"बस?"

"कसली बस?"

मी फाईल काढली. तिचा प्रश्न तिथे होता, माझ्या हातची 'छान' अशी खूण असलेला. शिंदे फौजी शेजारी उभे होते. त्यांनी तो वाचला, सावकाश, दोनदा. म्हणाले, "रंगरूटला बंदूक धरायला शिकवली मॅडम, पन मोर्चा कुठं हाय त्ये सांगितलंच न्हाई आपन." मला त्यांचा राग आला. 'आपण' म्हणाले म्हणून थोडा कमी आला.

अधिवेशन संपल्यावर सोमवारी मी रजा टाकली आणि डेपोत गेले. फौजी आपणहून आले. डेपो कोणता तेही लिहीत नाही, कारण तिथली माणसं सरळ होती. टेबलामागचे गृहस्थ चाळिशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. मी गाव सांगितलं, सव्वासहाची गाडी सांगितली.

"व्हय, बंद हाय. रस्ता खचलेला तवा बंद केली. मग रस्ता झाला."

"मग सुरू का केली नाही?"

"कुनाची मागनीच न्हाई की. वर काय दाखवायचं? कॉलेजचं न्हाई, पंचायतीचं न्हाई. कुनाचा अर्ज असला तर माझ्याकडं असतोय." तेवढ्यात ते थांबले. "आवं, थांबा. त्या गावचं कायतरी आलं व्हतं बगा. पन त्ये आपलं असंच व्हतं."

त्यांनी 'किरकोळ' लिहिलेलं एक बाड काढलं. त्यात लग्नपत्रिका होत्या, एका देवळाच्या जीर्णोद्धाराचं आवाहन होतं. खालून त्यांनी एक आंतरदेशीय पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं.

'तारांकित प्रश्न. पुढील प्रश्नाचे उत्तर माननीय डेपो मॅनेजर साहेब देतील काय?' मग एक, दोन, तीन. असल्यास, नसल्यास. खाली सही, आणि सहीखाली 'विधानसभा सदस्य, विरोधी पक्ष'. वर कोपऱ्यात पेनने काढलेली चांदणी, आतून नीट भरलेली. पत्ता नाही, तारीख नाही, कुणाला किती गरज आहे ते नाही. घरचं काही नाही. सार्वजनिक तेवढंच.

"आमी म्हटलं कुना पोरानं चेष्टा केली," ते गृहस्थ म्हणाले. "विरोधी पक्ष काय, विलंबाची कारनं काय. सगळ्यांनी वाचून हसलो बगा. कुनी लिवलंय ह्ये, मॅडम?"

"मी," मी म्हटलं.

फौजी म्हणाले, "सायेब, बरोबर अर्ज कसा पायजे त्यो सांगा. आमी लिवून घेतो."

त्यांनी सांगितला. तीन कागद. मी कॉलेजचं पत्र आणलं, सरपंचांना फोन करून ठराव आणवला, खाली नवीन अकरावीला जाणाऱ्या सहा मुलींची नावं घातली. मला आठ दिवस लागले आणि डेपोला दीड महिना. दिवाळीच्या आधी सव्वासहाची एसटी सुरू झाली. एक वर्ष उशिरा.

बस सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी, दुपारच्या फेरीने मी त्या गावाला गेले. कशाला गेले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. मनात होतं की बातमी द्यायची. पण बातमी तिथे आधीच रोज सव्वासहाला हॉर्न वाजवत होती.

ऋतुजाचं घर थांब्यापासून जवळच. वडील बाहेर भात झोडपत होते. ओळख सांगितल्यावर हात पुसून उठले. "आवं मॅडम, बसा. चा टाक गं." खुर्ची पुसून दिली. मी बसचा विषय काढायच्या आधी त्यांनीच काढला.

"मी काय शिकू नगं म्हटलं नव्हतं. वडाप नगं म्हटलं. ही म्हनायची, मी सवाल टाकलाय, उत्तर येतंय. त्यांस्नी द्यावंच लागतंय म्हनायची. दिवाळीपतूर म्हटलेलं, मी दिवाळीच्या पाडव्यापतूर थांबलो. मग म्हटलं, आता किती दिस बगायचं?"

ऋतुजा चहा घेऊन आली. वडिलांनी शिलाई मशीन घेऊन दिलं होतं, गळ्यात टेप होता. वर्षभरात मोठी झालेली. तिने कप ठेवला आणि उभी राहिली. टाचा जुळवलेल्या की काय, असं मला वाटलं. मी बघितलं नाही.

"मॅडम, नमुना चुकला व्हता का माजा?"

"नाही. नमुना बरोबर होता."

"मग?"

मी वीस वर्षं मुलांना उपप्रश्न विचारायला शिकवते. 'मग?' हा मला आलेला सगळ्यात चांगला उपप्रश्न. मी तिला खरं ते सांगितलं. की तो नमुना खोट्या विधानसभेतला आहे. खऱ्या ऑफिसात साधा अर्ज चालतो, आणि तो कसा लिहायचा ते तिने मला विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही.

"तुमी म्हनालेला की, बघू."

"हो."

तिने गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मग म्हणाली, "पोस्टमन आला की मी म्होरं जायची. बारकी भैन हसायची मला. म्हनायची, आमदारीनबाई, आलं का उत्तर?" ती स्वतःच थोडीशी हसली. वडील दुसरीकडे बघायला लागले.

मी वेळ घालवणारी बाई नाही. पिशवीतून कागद काढला. बारावीला कॉलेजात न जाता बाहेरून बसता येतं, त्याचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. अट काय, मुदत कधी, पुस्तकं कोण देईल, सगळं लिहून नेलं होतं. एक-दोन-तीन असं क्रमाने, कुठे काही राहू नये म्हणून. तिला समजावून सांगितलं. वडील म्हणाले, "तिची विच्छा. मी आडवा येत न्हाई." तिने कागद घेतला, वाचला, घडी केली आणि मशीनच्या खणात ठेवला.

"भरशील ना?"

"बघू, मॅडम."

त्यात टोमणा नव्हता. तिला शिलाईची कामं होती, दिवाळीचे ब्लाउज राहिले होते, आणि परतीची एसटी थांब्यावर येऊन उभी होती. मी उठले. मला थांब्यापर्यंत सोडायला ती आली. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "सकाळच्या गाडीला सा जनी जात्यात आता. एकदम पुढं बसत्यात."

तेव्हापासून आमच्याकडे पहिला तास डिंकाचा आहे. मुलं सभागृहात शिरण्याआधी एक खरा अर्ज लिहितात, खऱ्या ऑफिसला, साध्या भाषेत : मी कोण, माझं काय अडलंय, कधीपर्यंत हवंय. घरचं कारण असेल तर तेही लिहायचं, तेच आधी लिहायचं. तो लिफाफ्यात जातो. दुसऱ्या दिवशी फौजी मुलांना पोस्टात नेतात, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, अशी त्यांची ऑर्डर असते. काही अर्जांना उत्तरं येतात, बऱ्याच अर्जांना येत नाहीत. न आलेल्यांचं पुढे काय करायचं, हे दुसऱ्या दिवशी जेवणाआधी शिकवतो. जेवणानंतर नाही. पहिल्या दिवशी लिफाफे बंद झाले की खोटी विधानसभा सुरू होते, आणि ती पूर्वीपेक्षा थोडी कमी रंगते. मुलं अर्जाचाच विचार करत बसतात. चालतं.

ते फळ्यावरचं वाक्य मी आता म्हणत नाही.

सतरा नंबरचा फॉर्म दरवर्षी सुटतो. सुटला की मी ऋतुजाला फोन करते. मुदत सांगते, विचारते. ती माझी चौकशी करते, फौजींची करते, धाकटी बहीण बारावीला गेल्याचं सांगते. फॉर्मचं उत्तर अजून दिलेलं नाही. यंदाही मी फोन केला. पुढल्या वर्षीही करीन. विचारणं माझं काम आहे. तिने उत्तर द्यावंच, असा काही नियम नाही.